मान मुरगाळायची नसते: घरची कोंबडी कमीत कमी त्रासात कशी मारावी

मराठीत आपण सहज ‘मान मुरगाळणे’ म्हणतो, आणि नवखा माणूस कोंबडी हातात आली की नेमकं तेच करतो. ओला कपडा पिळावा तशी मान पिळतो. कातडी पिळली जाते, श्वासनलिका आवळली जाते, मणका मात्र जागचा हलत नाही. कोंबडी शुद्धीवर असतानाच गुदमरत राहते. खरं काम मान ओढून डोकं मागे मोडण्याचं आहे. त्याची रीत पुढे सविस्तर दिली आहे. आधीच सांगितलं ते अशासाठी की या कामात पक्ष्याला होणारा बहुतेक त्रास कुणाच्या दुष्टपणामुळे होत नाही. तो अर्धवट माहितीमुळे आणि कचरणाऱ्या हातामुळे होतो.

मारायचं की नाही, हा प्रश्न तुम्ही स्वतःशी आधीच सोडवला आहे असं मी धरून चालतो. घरी पक्षी कापायला तुमच्याकडे परवानगी आहे ना, तेवढं पाहून घ्या. घरच्या खाण्यापुरतं कापणं आणि विकण्यासाठी कापणं यांचे नियम बरेचदा वेगळे असतात.

कोणती कापायची, कोणती नाही

आजारी कोंबडी खाण्यासाठी कापू नये. पंख गाळून कोपऱ्यात बसलेली, तुरा निळसर पडलेली, डोकं किंवा कल्ले (चोचीखाली लोंबणारे लाल मांसल पदर) सुजलेली, नाकातोंडातून चिकट पाणी येणारी, पातळ हगणारी, अशी कुठलीही नको. खुराड्यात एकाएकी दोन-चार कोंबड्या दगावल्या असतील तर उरलेल्या ‘वाया जाऊ नयेत’ म्हणून कापायला घेणं ही सगळ्यात धोक्याची चूक. बर्ड फ्लू असेल तर कापताना आणि पिसं काढतानाच माणसाला संसर्ग होण्याची भीती सर्वात जास्त असते. तिथे सुरी खाली ठेवायची आणि पशुवैद्याला कळवायचं.

औषध चालू असलेल्या पक्ष्याचंही तसंच. शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस मांस खायचं नाही, ते बहुधा औषधाच्या वेष्टनावर छापलेलं असतं. ते दिवस मोजून मगच कापा.

वयाचं थोडक्यात सांगतो. मांसासाठीच वाढवलेली जात सहा ते आठ आठवड्यांत तयार होते. सावकाश वाढणाऱ्या जातीचा कोंबडा चार-पाच महिन्यांचा असताना चांगला. अंडी देऊन थकलेली म्हातारी कोंबडी चिवट असते, तिचं मांस मंद आचेवर बराच वेळ शिजवावं लागतं. पण रस्सा तिचाच चांगला होतो.

आदल्या रात्री

निम्मं काम इथेच होतं. संध्याकाळी, कोंबड्या झोपायला बसल्यावर, निवडलेली कोंबडी अंधारात उचला. कोंबडीला अंधारात फारसं दिसत नाही, म्हणून ती पळत नाही, ओरडत नाही. दिवसा अंगणभर पाठलाग करून पकडलेली कोंबडी धापा टाकत असते, घाबरलेली असते, पंख आपटून स्वतःला इजा करून घेते. त्याच अवस्थेत ती कापणं तिच्यासाठी वाईट आणि मांसासाठीही वाईट.

दोन्ही तळवे पंखांवर ठेवून धड छातीशी धरा. पाय धरून उलटी लोंबकळत नेऊ नका. पक्ष्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं. उलटं लटकवलं की पोटातल्या अवयवांचा भार आतल्या हवेच्या पिशव्यांवर येतो आणि श्वास घेणं जड जातं. शेवटच्या काही क्षणांपुरती ती उलटी असेल, तेवढं चालतं. घरापासून विहिरीपर्यंतची वरात त्या अवस्थेत नको.

कोंबडी डालग्याखाली किंवा हवेशीर खोक्यात वेगळी ठेवा. दाणे बंद, पाणी चालू. आठ ते बारा तास उपास पुरतो. गळपिशवी आणि आतडी रिकामी असली की साफ करताना घाण मांसाला लागत नाही. उपास त्याहून लांबवू नका. भुकेने कोंबडी अस्वस्थ होते आणि आतडी कमजोर होऊन उलट लवकर फाटतात. शक्य असेल तर सोबतीला दुसरी कोंबडी ठेवा, एकटी पडली की ती घाबरते.

सामान रात्रीच मांडून ठेवा: दहा ते पंधरा सेंटिमीटर पात्याची सुरी, धार लावायचा दगड, कोंबडी बुडेल एवढं पातेलं, थर्मामीटर, बादली, बर्फ, स्वच्छ पाणी, फडकी. सुरीची धार कागदावर तपासा. अधांतरी धरलेला कागद नुसत्या ओढीने कापला गेला पाहिजे. माझी पहिली कोंबडी मी स्वयंपाकघरातल्या ‘बऱ्यापैकी’ सुरीने कापली होती. पिसांवरून पातं घसरलं, तीनदा फिरवावं लागलं. त्या तीन वेळा मी विसरलेलो नाही, म्हणून धारेबद्दल इतका हट्ट धरतो.

पहिली पद्धत: मान निखळवणं

साधारण तीन किलोपर्यंतच्या कोंबडीसाठी घरच्या घरी हीच पद्धत मला सर्वात पटते. हत्यार लागत नाही, आणि नीट झाली तर फार झटपट होते. तीन किलोचा आकडा मी मनाने घेतलेला नाही. युरोपीय संघाच्या २००९ सालच्या नियमांतही हाताने मान निखळवण्याला ३ किलोची मर्यादा आहे, आणि एका माणसाने दिवसात ७० पेक्षा जास्त पक्षी असे मारू नयेत असंही म्हटलेलं आहे. हात थकला की चूक होते, हे त्यामागचं साधं कारण. तुम्ही नवखे असाल तर पहिल्या दिवशी एक किंवा दोनच घ्या.

आता रीत. हे उजव्या हाताने काम करणाऱ्यासाठी लिहितो आहे, डावखुऱ्याने हात उलटे करावेत. डाव्या हाताने दोन्ही पाय घट्ट धरा, जमल्यास पंखांची टोकंही त्याच मुठीत घ्या, आणि ती मूठ कमरेशी टेकवा. कोंबडी डोकं खाली करून तुमच्या मांडीलगत येईल. उजव्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट यांच्या बेचक्यात मान धरा, अगदी कवटीला लागून. बोटांचे सांधे डोक्याच्या मागच्या बाजूला, अंगठा चोचीच्या खाली. जागा महत्त्वाची आहे. मानेच्या मध्यावर धरलं तर मणका खालच्या भागात निखळतो आणि मेंदूवर हवा तेवढा परिणाम होत नाही. कवटी आणि पहिला मणका यांच्यामधली जागा तुम्हाला हवी आहे.

मग एकाच ओढीत, न थांबता, उजवा हात खाली ताणा आणि ताणतानाच मनगट वळवून डोकं मागे, मानेच्या पाठीकडे मोडा. ताण आणि मोड एकत्र. सांधा सुटल्याचं बोटांना स्पष्ट जाणवतं, काहींना हलकासा ‘टक’ ऐकू येतो. तिथे थांबा. आणखी ओढत राहिलात तर डोकं तुटून हातात येईल. तसं झालंच तर कोंबडीच्या दृष्टीने काही बिघडलेलं नाही, तुमचा मात्र थरकाप होईल. पण कमी ओढण्यापेक्षा जास्त ओढणं शंभर पटीने बरं. दयेपोटी हलक्या हाताने केलेली अर्धी ओढ हाच या पद्धतीतला खरा क्रूरपणा.

लगेच कवटीच्या मागे चिमटीत मान धरून पाहा. हाडाऐवजी नुसती कातडी लागली पाहिजे, मध्ये दोन-तीन बोटं पोकळ जागा हवी. ती नसेल तर मणका निखळलेला नाही. विचार करत बसू नका, त्याच क्षणी पुन्हा ओढा, किंवा शेजारी तयार ठेवलेल्या सुरीने गळ्याच्या दोन्ही बाजू कापा. दुसरा उपाय हाताशी असल्याशिवाय पहिला सुरू करायचा नाही.

जमेल की नाही याची धाकधूक असेल तर एक करा. एखाद्या जाणत्याने मारलेल्या कोंबडीवर, ती मेल्यानंतर, ही पकड आणि ओढ दोन-तीनदा करून पाहा. सांधा सुटताना हाताला काय जाणवतं हे वाचून कळत नाही.

मणका निखळवल्यावर रक्त मानेतल्या पोकळीत साठतं. मांस टिकायला हवं असेल तर खात्री पटताच गळा कापून कोंबडी उलटी टांगा.

फडफड म्हणजे वेदना नव्हे

इथे बहुतेक नवखे चुकतात. मान निखळल्यावर किंवा रक्त गेल्यावर कोंबडी जोरात पंख फडफडवते, पाय झाडते. कधी मिनिटभर, कधी त्याहून जास्त. ते पाहून माणूस हादरतो, ‘अजून जिवंत आहे’ म्हणून पुन्हा काहीतरी करायला जातो. प्रत्यक्षात मेंदूचा ताबा सुटल्यावर मज्जारज्जू आपल्या आपण स्नायूंना हलवत असतो. उलट शांत पडलेली कोंबडी मेलेलीच असेल असंही नाही. भीतीने गोठलेली कोंबडीही निपचित पडते.

म्हणून फडफड बघू नका, चार दुसऱ्या गोष्टी बघा. पहिली म्हणजे श्वास. गुदद्वाराजवळच्या पोटाची लयीत होणारी हालचाल पूर्ण थांबली पाहिजे. मधूनच एखादा आचका येऊ शकतो, पण लय नको. दुसरी गोष्ट डोळा. बुबुळाला बोटाच्या टोकाने हलकासा स्पर्श करा. कोंबडीच्या डोळ्यावर आतल्या कोपऱ्यातून सरकणारा एक पातळ पडदा असतो, तिसरी पापणीच ती. तो सरकला तर मेंदू अजून काम करतो आहे. तिसरी म्हणजे जबडा. खालची चोच बोटाने उघडली तर सैल लोंबली पाहिजे, विरोध नको. चौथी म्हणजे बाहुली, ती मोठी होऊन तशीच राहते. श्वास सुरू असेल किंवा पापणी सरकत असेल तर वाट बघू नका, दुसरा उपाय ताबडतोब करा.

दुसरी पद्धत: नरसाळं आणि सुरी

तीन किलोवरचा कोंबडा असेल, किंवा मनगटात जोर नसेल, तर ही. पत्र्याचं किंवा प्लास्टिकचं मोठं नरसाळं खांबाला किंवा फळीला पक्कं ठोका. वरून पंखांसकट धड मावेल आणि खालून डोकं व मान तेवढी बाहेर येईल असं त्याचं माप असावं. पाच लिटरच्या कॅनचा तळ कापून तोंड थोडं रुंद केलं तरी मध्यम कोंबडीला चालतं. सैल नरसाळ्यातून कोंबडी मागे सरकून बाहेर येते, म्हणून घट्टच बरं. पंख धडाशी दाबलेले असले की ती पटकन शांत होते, आणि नंतरच्या झटक्यांत पंख मोडत नाहीत, मांसात रक्त साकळत नाही.

कोंबडी आत सोडल्यावर वेळ काढू नका. डाव्या हाताने डोकं धरून मान हलकेच ताणा. कल्ल्यांच्या मागे, जबड्याच्या लगेच खाली, पिसं अंगठ्याने बाजूला सारा आणि कातडीवर पातं टेकवा. इथेच का? मानेच्या खालच्या भागात मेंदूला रक्त नेणाऱ्या दोन मुख्य धमन्या स्नायूंच्या आत, मणक्याला चिकटून खोल जातात. जबड्याजवळ त्या वर येतात. खाली कापणाऱ्याच्या सुरीला नुसत्या शिरा लागतात. रक्त तर भरपूर दिसतं, पण मेंदूचा पुरवठा चालू राहतो आणि शुद्ध हरपायला फार वेळ लागतो.

पातं दाबायचं नाही, ओढायचं. एकाच लांब ओढीत, मणक्याच्या हाडाला टेकेपर्यंत, दोन्ही बाजूंच्या धमन्या तुटल्या पाहिजेत. एका बाजूने रक्ताची धार नीट आली नाही असं वाटलं तर तत्क्षणी दुसऱ्या बाजूला तसाच काप द्या. रक्त ठिबकत असेल तर काप चुकला, धार लागली पाहिजे. दोन्ही धमन्या तुटल्या की साधारण दहा ते वीस सेकंदांत शुद्ध जाते. ते सेकंद कोंबडी शुद्धीवर असते, हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. म्हणूनच जमत असेल त्याने आधी मान निखळवावी आणि सुरी नंतर रक्तापुरती वापरावी, असं मी म्हणतो.

डोकं हातात धरून ठेवा, झटक्यांत रक्त उडत नाही. रक्त वाटतं त्यापेक्षा कमी असतं: कोंबडीच्या वजनाच्या सात-आठ टक्के एवढंच तिच्या अंगात असतं, त्यातलं साधारण निम्मं बाहेर येतं. ब्रिटनच्या नियमांत कोंबडीसाठी किमान ९० सेकंद आणि टर्की किंवा हंसासाठी २ मिनिटं काहीही न करता रक्त वाहू द्यायचं असतं. घरी तीन-चार मिनिटं थांबायला काय हरकत आहे?

कुऱ्हाड आणि इतर वाटा

ओंडक्यावर मान ठेवून कुऱ्हाड घालणं सोपं दिसतं. पण एका हाताने पाय धरायचे, कोंबडी मान आखडून घेते, दुसऱ्या हाताने नेम धरायचा. वर लागलं तर मेंदूचा मागचा भाग धडाशीच राहतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फ्रूटा गावी १९४५ साली असाच घाव चुकलेला माईक नावाचा कोंबडा डोक्याशिवाय १८ महिने जगला. मालक ड्रॉपरने त्याच्या अन्ननलिकेत खाणं सोडत असे. लोकांना ती गंमत वाटली, पण माझ्या दृष्टीने तो वर बसलेल्या घावाचा पुरावा आहे.

पक्कडीने मान चिरडू नका. त्याने मणका निखळत नाही, चेंगरतो. हातात धरून गरगर फिरवणंही नको. घरातल्या विजेच्या तारा जोडून शॉक देण्याचा विचार तर मनातही आणू नका. कत्तलखान्यातल्या यंत्रात डोक्यातून ठरावीक प्रवाह जातो. घरगुती जुगाडात कोंबडी शुद्धीवर राहून आखडते, आणि तुमचा जीव जाऊ शकतो तो वेगळाच. बदक आणि हंस यांची मान जाड आणि बळकट असते, हाताने निखळत नाही. ते पहिल्यांदा जाणत्यासोबतच करा.

पिसं

चारही खुणा तपासल्याशिवाय कोंबडी पाण्यात घालायची नाही. श्वास चालू असताना गरम पाण्यात गेलेल्या पक्ष्याचे हाल लिहिण्यासारखे नाहीत.

पाणी ६० ते ६५ अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर नसेल तर उकळतं पाणी आणि साधं पाणी समसमान मिसळा. साधं पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर मिश्रण बासष्टच्या जवळ येतं. पातेलं आणि कोंबडी थोडी उष्णता खातात, म्हणून उकळतं किंचित जास्त घ्या. पाय धरून कोंबडी बुडवा, वरखाली हलवा म्हणजे पाणी कातडीपर्यंत पोचेल. पाऊण ते एक मिनिट झालं की पंखाचं मोठं पीस ओढून पाहा. सहज आलं की बाहेर काढा. जास्त वेळ ठेवली तर कातडी शिजते आणि पिसांबरोबर सोलून येते. बदकाची पिसं तेलकट असतात, त्याला पाणी आणखी गरम आणि वेळ जास्त लागतो. पाण्यात भांड्याच्या साबणाचा थेंब टाकला तर काम होतं.

पंख आणि शेपटाची मोठी पिसं आधी, कारण ती सर्वात आधी घट्ट होतात. मग छाती, पाठ, मांड्या. कातडी ताणून धरा, नाहीतर फाटते. उरलेली बारीक लव ज्योतीवर धरून जाळून टाका.

पोट काढणं आणि गार करणं

पायाचा खालचा सांधा वाकवून, हाडावर नाही तर सांध्याच्या फटीत सुरी घालून पंजे काढा. शेपटाच्या मुळाशी वरच्या बाजूला पिवळसर तेलाची गाठ असते, ती कापून टाका, नाहीतर मांसाला वास येतो. मानेजवळची कातडी उघडून गळपिशवी आणि अन्ननलिका मोकळ्या करा.

आता छातीचं हाड संपतं तिथे आणि गुदद्वाराच्या मध्ये फक्त कातडीपुरता आडवा छेद द्या. सुरीचं टोक आत खुपसू नका, लगेच खाली आतडी असतात. गुदद्वाराभोवती गोल कापून ते आतड्यासकट मोकळं करा. मग हात आत घालून, बोटं बरगड्यांच्या आतून फिरवत, सगळं एकत्र बाहेर ओढा. कलेजीला चिकटलेली हिरवी पिशवी म्हणजे पित्त. ती फुटली तर जिथे लागेल तिथलं मांस कडू होतं, म्हणून कलेजीचा थोडा तुकडा गेला तरी चालेल पण पित्त सुटं, अखंड काढा. दाणे दळणारं जाड पोट उभं चिरून आतले खडे आणि पिवळं अस्तर सोलून टाका. फुप्फुसं बरगड्यांत रुतलेली असतात, बोटांनी खरवडून काढावी लागतात. कलेजीवर पांढरे ठिपके, गाठी किंवा पोटात दुर्गंधी पाणी दिसलं तर तो पक्षी खाऊ नका.

धुताना नळाच्या धारेखाली धरू नका. साल्मोनेला आणि कँपायलोबॅक्टर हे जंतू शिंतोड्यांबरोबर ओटाभर पसरतात. बादलीतल्या स्वच्छ पाण्यात धुवा आणि लगेच बर्फाच्या पाण्यात टाका. चार तासांच्या आत मांस ४ अंशांपर्यंत गार व्हायला हवं.

ताजी कापलेली कोंबडी तासाभरात ताठरते. त्या अवस्थेत शिजवली तर कोवळी कोंबडीसुद्धा रबरासारखी लागते, आणि मग लोक म्हणतात की घरची कोंबडी चिवटच असते. फ्रिजमध्ये झाकून एक दिवस ठेवा. मांडीचा सांधा हलवल्यावर सहज वाकला की ती शिजवायला तयार आहे. शिजवताना सर्वात जाड भागाचं आतलं तापमान ७४ अंश झालं पाहिजे. आतडी, डोकं आणि रक्त पाण्याच्या जागेपासून दूर खोल पुरा, वर दगड ठेवा, नाहीतर रात्रीत कुत्री उकरून काढतील. आणि बाकीच्या कोंबड्यांच्या वाटेत रक्ताचा डाग राहू देऊ नका, त्या तिथे टोचत बसतात.